घर आणि सुरक्षितता, लेखांक ७ : दार, दिवा आणि घरक्रमांक

निवासी इमारतींच्या सुरक्षिततेचे नियम अनेक ठिकाणी तीन गोष्टींना धरून असतात. दाराने नको त्याला अडवावे, दिव्याने येणारा दाखवावा आणि क्रमांकाने मदतीला धावणाऱ्याला घर सापडावे. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बहुतेक वेळा शहर असते. उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुक्यात मात्र या तिन्ही गोष्टींचे वजन बदलते. तालुक्याचा मोठा भाग काळी व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलाने व्यापलेला आहे, वाड्या विखुरलेल्या आहेत आणि एका घराची हाक दुसऱ्या घरी पोचेलच असे नाही. येथे चोराइतकीच धास्ती बिबट्याची, अस्वलाची आणि सापाची असते. दाराकडे आणि दिव्याकडे घरधनी आपल्या समजुतीने लक्ष देतो. सर्वांत उपेक्षित राहतो तो घरक्रमांक.

जुन्या घरांचे दोन फळ्यांचे दार आतून आगळ घालून बंद होते. आडवी आगळ दोन्ही फळ्यांना पाठीमागून आधार देते, म्हणून बाहेरून धक्का मारला तरी जोर एका ठिकाणी न येता पसरतो. ही जुनी पद्धत आजच्या कितीतरी स्वस्त कुलपांपेक्षा भक्कम आहे. पण घर सोडून शेतावर जाताना आगळ कामाची नाही. तेव्हा भिस्त असते ती बाहेरच्या कडी-कोयंड्यावर, आणि दाराची खरी कमजोरी तिथेच असते. कुलूप कितीही भारी असो, कोयंडा दोन आखूड स्क्रूंवर बसवलेला असेल तर पहारीच्या एका झटक्यात तो उपटून येतो. ते टाळण्यासाठी आरपार जाणारे बोल्ट घालून त्यांचे नट आतल्या बाजूला आवळावे लागतात.

अमेरिकेतील अनेक नगरांच्या सुरक्षा नियमांत बाहेरच्या दाराच्या कुलपाची जीभ किमान एक इंच बाहेर यावी अशी अट असते. जोयड्यात या अटीला आणखी एक कारण आहे. पावसाळ्यात लाकूड फुगते, दार चौकटीला घासू लागते आणि सुतार रंधा मारून ते मोकळे करतो. एप्रिलमध्ये तेच दार सुकून आक्रसते, फट वाढते आणि अर्ध्या इंचाची जीभ चौकटीला जेमतेम टेकते. जुलैमध्ये घट्ट बसलेले कुलूप उन्हाळ्यात नुसत्या धक्क्याने सुटू शकते. म्हणून जीभ लांब हवी आणि नवे दार शक्यतो चांगल्या वाळलेल्या लाकडाचे करावे. चौकट भिंतीत पक्की धरून ठेवणारे होल्डफास्ट दोन्ही बाजूंना प्रत्येकी तीन तरी असावेत. मातीच्या भिंतीत ते नुसते खुपसून चालत नाही, त्यांच्याभोवती काँक्रीट भरावे लागते.

उंबरठ्याकडेही लक्ष द्यावे लागते. मण्यार रात्री हिंडणारा विषारी साप आहे आणि त्याचे दंश बहुधा जमिनीवर झोपलेल्यांना होतात. दाराखाली बोटभर फट असेल तर साप सहज आत येतो. खालच्या कडेला रबराची पट्टी ठोकली की हा मार्ग बंद होतो. खर्च किरकोळ आहे, पण त्यावर जीव अवलंबून असू शकतो.

आतून किल्ली लावून झोपण्याची सवय मात्र धोक्याची आहे. बाहेर पडण्याचे दार आतल्या बाजूने किल्लीशिवाय उघडता आले पाहिजे, हे राष्ट्रीय इमारत संहितेतील (२०१६) तत्त्व आहे. आग लागलेल्या, धुराने भरलेल्या घरात किल्ली शोधायला वेळ नसतो. गणेशगुडी आणि दांडेलीच्या परिसरात पर्यटकांसाठी होमस्टे झाले आहेत. तेथे झोपणाऱ्या पाहुण्याला घराची सवय नसते, म्हणून आतून हाताने सरकणारी कडीच योग्य. चोर मागूनही येऊ शकतो, म्हणून परसदारालाही पुढच्या दाराइतकेच मजबूत लाकूड हवे.

आता दिवा. जोयडा तालुक्यातच १९८७ मध्ये पूर्ण झालेल्या सुपा धरणाच्या पायथ्याशी ५० मेगावॉटचे दोन संच वीज निर्माण करतात. त्याच तालुक्यातील जंगलातल्या काही वाड्यांत मात्र वीज फार उशिरा पोचली, आणि पोचल्यावरही पावसाळ्यात झाड तारेवर पडले की अंधार होतो. त्यामुळे बाहेरच्या दिव्याला बॅटरीचा आधार आवश्यक आहे. सौर दिवा घेताना श्रावणातील ढगाळ दिवसांचा हिशेब करून बॅटरी मोठी घ्यावी आणि पावसाचे पाणी आत शिरणार नाही असा बंदिस्त दिवा पाहावा. चालू खर्च मोठा नाही. सात वॉटचा एलईडी रोज बारा तास जळला तर महिन्याला अडीच युनिट लागतात.

जागा चुकली तर दिवा उलट त्रास देतो. नेमका दाराच्या माथ्यावर प्रखर पांढरा दिवा लावला की किडे जमतात, किड्यांमागे बेडूक येतात आणि बेडकांमागे साप. दिवा दारापासून थोडा बाजूला, पिवळसर प्रकाशाचा आणि वरून झाकलेला असावा. प्रकाश पायऱ्यांवर, उंबरठ्यावर आणि गोठ्याच्या वाटेवर पडावा. तो आलेल्या माणसाच्या पाठीमागे असेल तर चेहरा काळाच दिसतो, म्हणून त्याची जागा घराच्या बाजूलाच. जंगलाच्या दिशेने झोत टाकणारे दिवे प्राण्यांच्या वाटा बिघडवतात. व्याघ्र प्रकल्पाच्या शेजारी राहणाऱ्यांनी आणि होमस्टेवाल्यांनी ते टाळलेच पाहिजेत.

घरक्रमांकाबाबत अमेरिकेतील निवासी बांधकाम संहिता नेमके माप देते : अंक किमान चार इंच उंच, रेघेची जाडी अर्धा इंच, पार्श्वभूमीहून वेगळा रंग आणि रस्त्यावरून दिसेल अशी जागा. रामनगरसारख्या वसाहतीत, जिथे सुपा धरणातील विस्थापित वसले, असा क्रमांक ओळीने लावता येतो. डोंगरातल्या वाडीत घर रस्त्यावर नसतेच. तिथे पाटी घरावर लावून भागत नाही. पायवाट जिथे गाडीरस्त्याला मिळते तिथे वाडीचे नाव, घरांचे क्रमांक आणि बाण दाखवणारी पाटी हवी. १०८ची रुग्णवाहिका रात्री त्या फाट्यावर थांबते आणि चालकाला पुढे कुठे जायचे ते कळत नाही. प्रसूतीची वेळ असो वा सर्पदंश, तेव्हा एकेक मिनिट मोलाचे असते.

पिनकोडने हा प्रश्न सुटत नाही. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि तिने टपाल योग्य कार्यालयापर्यंत पोचवले. तिच्या सहा आकड्यांत एकेक घर सामावत नाही. टपाल खात्याने २०२५ मध्ये आणलेला डिजिपिन सुमारे चार मीटर लांबी-रुंदीच्या चौकोनाला दहा अक्षर-अंकांचा संकेत देतो, आणि विखुरलेल्या वस्तीसाठी तो फार उपयोगी आहे. पण वाडीत रेंज नसते आणि फोन करायला टेकडीवर जावे लागते. म्हणून तो संकेत भिंतीवर रंगवावाच, शिवाय एका कागदावर लिहून रेशनकार्डात ठेवावा, म्हणजे टेकडीवर जाणारा तो सोबत नेऊ शकेल.

घरक्रमांकाचा दुसरा आधार कायद्याचा आहे. ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत घर चढले की घरपट्टी लागते आणि पावती मिळते. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील नियमांत वास्तव्याचा पुरावा म्हणून मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड यांच्याबरोबर घरपट्टीची पावतीही धरली जाते. जोयड्यातील कुणबी समाजाची अनुसूचित जमातीच्या दर्जाची मागणी जुनी आहे. तो दर्जा नसलेल्या कुटुंबाला या कायद्याखाली हक्क मिळवण्यासाठी १३ डिसेंबर २००५ पूर्वीचे तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. अशा वेळी आजोबांच्या नावाची जुनी पावती फार मोलाची ठरते. घर पाडून नवे बांधले किंवा भावांत वाटणी झाली की जुना क्रमांक पुसला जातो आणि नव्याचा जुन्याशी मेळ लागत नाही. म्हणून नवी नोंद करताना जुन्या क्रमांकाचा उल्लेख करून घ्यावा, पंचायतीकडून त्याचा उतारा मागावा आणि जुन्या पावत्या नव्या उताऱ्यासोबत एकाच ठिकाणी, ओल लागणार नाही अशा पेटीत ठेवाव्यात.