आधी ग्राइंडर, मग मशीन

जूचंद्र हे रांगोळी काढणाऱ्यांचं गाव. इथे चाळलेल्या, एकसारख्या कणांचं मोल कुणाला समजावावं लागत नाही; जाडीभरडी रांगोळी चिमटीतून कधी अडते, कधी भसकन पडते. एस्प्रेसोचंही तसंच आहे. तरी लोक आधी महागडं मशीन घेतात आणि कॉफी दळतात मिक्सरवर.

"मिक्सर असताना हे हातजातं कशाला रे?" असं आई अजून विचारते. मिक्सरचं पातं बिया तोडतं, काही पीठ होतं, काही कण्या राहतात. एस्प्रेसोत 90 ते 96 अंशांचं पाणी साधारण 9 बार दाबाने पुडीतून जातं. ते कण्यांमधून वाट काढून निसटतं आणि पीठ नुसतं कडू होतं. हँड ग्राइंडरमध्ये दातेरी पोलादी शंकू दातेरी कड्यात फिरतो. दोघांमधली फट ठरलेली, म्हणून कण बरेच सारखे पडतात.

माझं माप असं: 18 ग्रॅम पुडीतून 25 ते 30 सेकंदांत 36 ग्रॅम कॉफी. दहा सेकंदांत धो धो आली तर आंबट आणि पाणचट, मग एक क्लिक बारीक. थेंब थेंब गळली तर एक क्लिक जाड. घेताना विचारायचा प्रश्न हाच, की एका क्लिकला फट किती बदलते? फिल्टर कॉफीपुरत्या स्वस्त ग्राइंडरची पायरी मोठी असते. एका क्लिकवर धार पळते, पुढच्यावर तुंबते. पाकीट उघडून दिवस गेले की त्याच चिकमगळूरच्या बिया अजून बारीक दळाव्या लागतात. फिक्या भाजणीच्या बिया तर दंडाची परीक्षाच घेतात!

वीज गेली तर ग्राइंडर चालतो, मशीन नाही. म्हणून मी हाताने दाबायचं लिव्हरचं यंत्र घेतलं, पाणी गॅसवर तापवतो. हे काही नवं खूळ नव्हे. दाट फेसाची आजची एस्प्रेसो रुळली तीच 1948च्या सुमारास इटलीत आलेल्या गॅजियाच्या लिव्हर मशीनमुळे.

ग्राइंडर धुऊ नका, ब्रशने झाडा. दळण्याआधी बियांवर पाण्याचा एखादा थेंब चोळला तर पूड भांड्याला चिकटत नाही.

चार पाहुणे आले की मी सरळ चहा टाकतो. घरात रोज चौघं एस्प्रेसो पिणारे असतील तर विजेचाच ग्राइंडर घ्या. एक-दोघांपुरता मात्र हातचा पुरे. वाचलेले पैसे ताज्या बियांवर घाला.