लांकडावरील इवल्या छत्र्या आणि त्यांची ओळख

मृगाच्या पावसानें जमीन भिजली आणि आर्द्रा-पुनर्वसूच्या सरींनीं ती मऊ झाली, म्हणजे आमच्या उंद्रीच्या शिवारांत अळंबीं दिसूं लागतात. मुलांचें लक्ष अर्थात् मोठ्या छत्र्यांकडे जातें. उकिरड्यावरील कुत्र्याच्या छत्र्या, किंवा पूर्व विदर्भांत ज्यांस सात्या म्हणतात त्या वारुळावरच्या छत्र्या, यांचीं नांवें घरोघरीं ठाऊक असतात. परंतु पडलेल्या ओंडक्यावर, कुंपणाच्या वाळल्या काठीवर, सरपणाच्या ढिगांत, नखाएवढीं किंवा फार तर रुपयाएवढीं, दांडा नसलेलीं, भिंतींतल्या फळीप्रमाणें एका बाजूनें चिकटलेलीं जीं अळंबीं असतात, त्यांची विचारपूस कोणी करीत नाहीं. आम्हींही पुष्कळ वर्षें केली नव्हती. ती कां करावी लागली, तें प्रथम सांगतों.

एके वर्षीं पुष्याच्या पावसांत इयत्ता आठवीच्या एका मुलानें परड्यांतल्या आंब्याच्या कुजक्या ओंडक्यावरून काढलेलीं अशीं दहा-बारा अळंबीं टोपलींत घालून वर्गांत आणलीं. तीं पांढरींशुभ्र, पंख्याच्या आकाराचीं असून त्यांच्या पोटाशीं पातळ पापुद्र्यांच्या ओळी होत्या. त्याच्या आईनें विचारून येण्यास सांगितलें होतें, "सर, हे रांधू काय?" आम्हीं एक अळंबें उलटेंसुलटें करून पाहिलें, आणि वर्गापुढें मोठ्या आत्मविश्वासानें, "ही कोंवळी धिंगरी आहे, खावयास हरकत नाहीं," असें सांगून मोकळे झालों. धिंगरी म्हणजे शिंपल्याच्या आकाराचें, हल्लीं गव्हाच्या काडावर व सोयाबीनच्या कुटारावर ज्याची लागवड होते, तें अळंबें. त्याचा रंग व घडण आमच्या डोळ्यांच्या परिचयाची होती, आणि परिचयानेंच आमचा घात केला.

मुलानें त्यांतलीं दोन अळंबीं वर्गाच्या टेबलावर एका कोऱ्या कागदावर ठेवून बाकीचीं घरीं नेलीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं तीं उचलून पाहतों, तों कागदावर मातकट तपकिरी रंगाची बारीक भुकटी पडलेली! धिंगरीची भुकटी पांढरी किंवा किंचित् जांभळट असते. तपकिरी कधींही नसते. प्रार्थनेची घंटा होण्यापूर्वींच आम्ही सायकल काढून त्या मुलाचें घर गांठलें. टोपली चुलीजवळ तशीच होती. आदल्या दिवशीं एकादशी असल्यामुळें त्या घरीं अळंबीं रांधलीं गेलीं नव्हतीं. माउलीनें आमचें म्हणणें शांतपणें ऐकून घेतलें आणि एवढेंच विचारलें, "मंग काल कसं सांगितलं?"

त्या प्रश्नाचें उत्तर त्या दिवशीं आम्हांस देतां आलें नाहीं. तें येथें देण्याचा यत्न करितों.

आम्हीं पाहिलेलें अळंबें धिंगरी नसून क्रेपिडोटस या वंशाचें होतें. ग्रीक भाषेंत क्रेपिस म्हणजे पायतण, आणि नांवाच्या शेवटल्या भागांत कान या अर्थाचा शब्द आहे. लांकडाला चिकटलेला पायतणासारखा कान, असें तें चमत्कारिक नांव आहे. पण एकदां अळंबें पाहिल्यावर तें विसरत नाहीं. या वंशांतील अळंबीं भयंकर विषारी म्हणून गणलीं जात नाहींत हें खरें. परंतु खाण्यास योग्य म्हणून त्यांची नीट परीक्षाही झालेली नाहीं, आणि परीक्षा न झालेला पदार्थ मुलाबाळांच्या ताटांत वाढण्याचा अधिकार शिक्षकाला कोणीं दिला नाहीं.

आतां चूक कोठें झाली, तें पाहूं. अळंब्याच्या पोटाशीं जे पापुद्रे असतात, त्यांस कल्ले म्हणतात. अळंब्याचें बीं, म्हणजे बीजुकें, या कल्ल्यांच्या दोन्ही अंगांस तयार होतात. झाडाला फळ असतें तसें जमिनींत किंवा लांकडांत पसरलेल्या बुरशीच्या तंतूंचें अळंबें हें फळ होय, आणि बीजुकें उधळणें हेंच त्याचें काम. क्रेपिडोटसचीं बीजुकें तपकिरी असलीं तरी अळंबें कोंवळें असतांना तीं पिकलेलीं नसतात. त्यामुळें कल्ले पांढरेच दिसतात. पुढें बीजुकें पिकूं लागलीं, म्हणजे कल्ले हळूहळू मळकट होत जातात. आम्हीं कोंवळीं अळंबीं पाहून निकाल दिला. कागदानें रात्रभर वाट पाहून निकाल दिला. एवढाच काय तो फरक.

ही कागदाची परीक्षा घरीं कोणासही करतां येईल. ताजें अळंबें कल्ले खालीं करून कागदावर ठेवावें. अर्धा कागद पांढरा व अर्धा काळा असा घेतला तर उत्तम, कारण पांढरी भुकटी पांढऱ्या कागदावर दिसत नाहीं व काळी काळ्यावर. वाऱ्यानें भुकटी उडूं नये व अळंबें सुकूं नये म्हणून त्यावर कांचेचा पेला पालथा घालावा. सकाळपर्यंत कल्ल्यांच्या ओळींचें हुबेहूब चित्र कागदावर उमटतें. आमच्या एका विद्यार्थिनीनें असें चित्र पाहून, "अळंब्यानें रांगोळी घातली," असें म्हटलें, तें आम्हांस फार आवडलें.

या रंगावर अळंब्यांचें वर्गीकरण उभारण्याचें श्रेय स्वीडनचे एलियास फ्रीस यांच्याकडे जातें. त्यांनीं १८२१ सालीं आपल्या ग्रंथाचा पहिला भाग प्रसिद्ध केला व त्यांत कल्ले असलेल्या छत्र्यांची विभागणी बीजुकांच्या रंगावरून केली. या रीतीप्रमाणें फळीसारख्या अळंब्यांपैकीं पांढऱ्या भुकटीचीं एकीकडे, गुलाबी भुकटीचीं दुसरीकडे आणि तपकिरी भुकटीचीं तिसरीकडे गेलीं. फ्रीस यांनीं आपल्या पद्धतींत सूक्ष्मदर्शकास विशेष स्थान दिलें नव्हतें. नुसती नजर, भिंग आणि अचाट स्मरणशक्ति यांवर त्यांनीं हें काम केलें. पुढें १८३७ सालीं फ्रान्समध्यें लेव्हेय्ये यांनीं कल्ल्यांवरील बीजुकें धारण करणाऱ्या पेशींचें स्पष्ट वर्णन केलें, आणि इंग्लंडमध्यें बर्कली नांवाच्या खेडेगांवच्या धर्मोपदेशकांनीं त्याच सुमारास स्वतंत्रपणें तेंच पाहिलें. चर्चची चाकरी सांभाळून बर्कली यांनीं जगभरच्या बुरशींचा अभ्यास केला. हूकर यांनीं हिमालयांतून धाडलेलीं अळंबींही त्यांनींच तपासलीं. त्यानंतर १८८७ सालीं पातुइयार यांनीं सूक्ष्म रचनेला वर्गीकरणांत मानाचें स्थान दिलें. तेव्हांपासून नुसत्या रंगरूपावर कोणाही जाणत्याचा विश्वास उरलेला नाहीं.

मग सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावयाचें काय? आमच्या प्रयोगशाळेंत चारशे पट मोठें दाखविणारा साधा सूक्ष्मदर्शक आहे; पुष्कळ काम त्यानें भागतें. कागदावरील भुकटी सुईच्या टोंकानें कांचपट्टीवर पाण्याच्या थेंबांत घालावी व वर पातळ कांच ठेवावी. मिलिमीटरच्या हजाराव्या भागास मायक्रॉन म्हणतात. क्रेपिडोटसचें बीजुक साधारण ५ ते १० मायक्रॉनांचें असतें, आणि आपल्या डोक्याचा केस ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे केसाच्या रुंदींत दहाएक बीजुकें शेजारीं शेजारीं बसतील.

प्रथम आकार पाहावा. धिंगरीचें बीजुक लांबट, कांकडीसारखें, गुळगुळीत आणि रंगहीन असतें. क्रेपिडोटसचें बीजुक तपकिरी असून एका जातींत तें वाटाण्यासारखें गोल, तर दुसऱ्या जातींत बदामासारखें असतें. गुलाबी भुकटीच्या क्लॉडोपसचें बीजुक कोनेदार असतें, जणूं खडीसाखरेचा खडा. एकदां पाहिलें म्हणजे त्याची चूक होणें नाहीं. नंतर पृष्ठभाग पाहावा. कांहीं क्रेपिडोटसांचीं बीजुकें अगदीं गुळगुळीत असतात, कांहींवर धोत्र्याच्या फळासारखे, पण फारच बारीक, कांटे असतात. चारशे पटींत हे कांटे नुसत्या ठिपक्यांसारखे भासतात. तेलांत बुडविलेलें भिंग लावल्याशिवाय खात्री होत नाहीं, आणि अखेरचा निकाल इलेक्ट्रॉन-सूक्ष्मदर्शकानेंच लागतो.

यानंतर हाताचें कौशल्य लागतें. दाढीच्या नव्या पात्यानें कल्ल्याचा आडवा छेद शक्य तितका पातळ घ्यावा. विद्यार्थ्यांचे पहिले वीस छेद वाया जातात; आमचे चाळीस गेले होते. छेद साधला म्हणजे कल्ल्याच्या अंगावर मुद्गलाच्या आकाराच्या पेशी ओळीनें उभ्या दिसतात, व प्रत्येकीच्या डोक्यावर बहुधा चार बारीक शिंगें असून प्रत्येक शिंगावर एकेक बीजुक तोललेलें असतें. कल्ल्याच्या कडेवर मात्र निराळ्या, वांझ पेशी असतात. त्यांचा आकार कोठें बाटलीसारखा, कोठें गदेसारखा, कोठें फांटे फुटलेल्या शिंगासारखा असतो, आणि क्रेपिडोटसच्या जाती वेगळ्या करण्यास या वांझ पेशींचा फार उपयोग होतो. ज्या पेशी बीं देत नाहींत, त्यांच्यावरून कुळाची ओळख पटावी, ही गोष्ट आम्हांस नेहमीं विचित्र वाटत आली आहे.

आणखी दोन खुणा आहेत. तंतूंतील दोन पेशींच्या सांध्याजवळ कांहीं जातींत एक इवलीशी कमान असते, कपाच्या कानासारखी. कांहींत ती मुळींच नसते. दुसरी खूण टोपीच्या सालींत असते. क्रेपिडोटस मॉलिस या जातींत सालीखालीं पारदर्शक, चिकट असा थर असतो, त्यामुळें साल हळूच ओढली तर रबरासारखी ताणते. या जातींत कमानी नसतात व बीजुकें गुळगुळीत असतात. क्रेपिडोटस व्हेरिॲबिलिस या जातींत याच्या उलट कमानी असतात, व लांबट बीजुकांवर बारीक खरखर असते. दोन्ही ओंडके शेजारीं ठेवले तर नुसत्या डोळ्यांना हा भेद कसा कळावा? हेस्लर आणि स्मिथ यांनीं १९६५ सालीं उत्तर अमेरिकेंतील क्रेपिडोटसांवर एक संबंध ग्रंथ लिहिला, तो अशाच खुणांच्या आधारावर.

एक अळंबें मात्र असें आहे कीं, त्यासाठीं सूक्ष्मदर्शक नसला तरी चालतो. वाळल्या फांद्यांवर राखाडी-पांढऱ्या लवेचे छोटे पंखे आपण सर्वांनीं पाहिले असतील. तें उलटें करून पाहिलें तर प्रत्येक कल्ला लांबीनें मधोमध चिरलेला दिसतो. यास स्किझोफायलम कॉम्यून म्हणतात. स्किझोफायलम म्हणजे फाटलेलें पान. ऊन पडलें कीं त्या चिरेच्या दोन्ही पाळ्या आंत वळून कल्ला मिटतो, आणि पाऊस आला कीं पुनः उघडतो. कॅनडांतील बुलर या शास्त्रज्ञांनीं याच्या वाळल्या नमुन्यांस निर्वात नळ्यांत बंद करून ठेवलें होतें. तीं अळंबीं सुमारें पन्नास वर्षांनीं ओलीं केलीं असतां पुनः उघडलीं. मणिपुरांत यास कांगलायेन म्हणतात व त्याचा स्वयंपाकांत उपयोग करितात. परंतु याचींच बीजुकें श्वासाबरोबर आंत जाऊन क्वचित् मनुष्याच्या नाकाच्या पोकळ्यांत व फुप्फुसांत रोग उत्पन्न करितात, म्हणून वाळलेल्या नमुन्यांची धूळ हुंगूं नये, असें आम्हीं वर्गास बजावून ठेविलें आहे.

रसायनांचीही थोडी मदत होते. बटाट्यावर आयोडीन टाकलें कीं तो निळा होतो, हें सातवीच्या मुलांसही माहीत आहे. पॅनेलस नांवाच्या फळीसारख्या अळंब्याचीं बीजुकें आयोडीनच्या द्रावणांत अशींच निळसर होतात, धिंगरीचीं होत नाहींत. तज्ज्ञ लोक यासाठीं मेल्झरचें द्रावण वापरतात. त्यांत क्लोरल हायड्रेट हें विषारी द्रव्य असल्यानें तें आम्ही मुलांच्या हातीं देत नाहीं.

धिंगरीच्या कुळांतही एक गंमत आहे. होहेनब्यूहेलिया हें तिचें जवळचें भावंड. त्याच्या कल्ल्यांवर जाड भिंतीच्या, टोंकास स्फटिक चिकटलेल्या भाल्यासारख्या पेशी असतात. १९८४ सालीं थॉर्न व बॅरन यांनीं असें दाखविलें कीं, धिंगरी व होहेनब्यूहेलिया हीं दोन्ही लांकडांतील सूक्ष्म कृमींस मारून खातात. लांकडांत नायट्रोजन फार थोडा, म्हणून ही शिकार. गरीब दिसणाऱ्या भाजीचा हा स्वभाव मुलांस फार आवडतो.

अलीकडे आनुवंशिक द्रव्याच्या तपासणीनें असें ठरलें आहे कीं, हीं सर्व अळंबीं एका घराण्यांतलीं नाहींत. उभ्या लांकडावर वाढावयाचें, तर दांड्यापेक्षां फळी सोयीची. म्हणून निरनिराळ्या घराण्यांनीं स्वतंत्रपणें तोच आकार धारण केला. वटवाघूळ व पक्षी यांच्या पंखांसारखीच ही गोष्ट होय. आकार सारखा म्हणून नातें जवळचें, असें समजणें हीच आमची मूळ चूक होती.

आणि ती चूक किती महाग पडूं शकते, तें जपानांत दिसलें. तेथें देवदारासारख्या झाडांच्या खोडांवर एक पांढरें फळीसारखें अळंबें उगवतें व तें लोक पिढ्यान् पिढ्या खात आले होते. २००४ सालच्या शरद्ऋतूंत तें खाल्ल्यावर एकोणसाठ माणसें मेंदूच्या विकारानें आजारी पडलीं व सतरा दगावलीं. त्यांतील पुष्कळांस आधींपासून मूत्रपिंडाचा विकार होता. तें अळंबें आपल्याकडील नव्हे. परंतु पांढरें, लहान, लांकडावरचें आणि सवयीनें खाल्लेलें, या चार शब्दांनीं भरंवसा मिळत नाहीं, हें पालकांनीं लक्षांत ठेवावें. दुकानांतली किंवा लागवडीची धिंगरी खुशाल खावी. ओंडक्यावरचें रानटी अळंबें मुलांनीं चाखूनही पाहूं नये.

आपल्या प्रांतांत या विषयाचें काम झालेलें नाहीं असें मात्र नव्हे. शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या पुढाकारानें १९४६ सालीं पुण्यास महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीची स्थापना झाली, व आज आघारकरांचें नांव धारण करणाऱ्या तिच्या संशोधन संस्थेंतील अभ्यासकांनीं १९८० सालीं नैर्ऋत्य भारतांतील छत्र्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. उंद्रीच्या ओंडक्यांकडे पाहणें आमच्याच मुलांकडे उरलें आहे. त्यांनीं अळंबें आणतांना प्लॅस्टिकच्या पिशवींत न घालतां कागदांत गुंडाळावें, कारण प्लॅस्टिकमध्यें तें एका दिवसांत सडतें. आणि झाडाचें नांव, दिवस व जागा चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवावी. झाडाचें नांव नसलेला नमुना आम्ही परत करितों.

त्या आंब्यावरच्या अळंब्याची आम्हीं पुढें सवडीनें तपासणी केली. बीजुकें गोल, ठिपकेदार. तंतूंस कमानी आहेत. सालींत चिकट थर नाहीं. कडेच्या पेशी गदेसारख्या. सुकविलेला नमुना प्रयोगशाळेच्या कपाटांत खाकी पाकिटांत ठेविला आहे. पाकिटावर त्याच मुलाच्या हस्ताक्षरांत लिहिलें आहे: "क्रेपिडोटस. जाति ठरलेली नाहीं. आंब्याचा ओंडका, उंद्री." त्याखालीं पेन्सिलीनें कोणीं तरी, बहुधा त्यानेंच, पुस्ती जोडली आहे: "खाल्लें नाहीं."