पावडरच्या खाली काय आहे, बॉस?

गुलमर्गच्या गोंडोलात बसलं की पहिली पाच मिनिटं फक्त फोटो! सहाव्या मिनिटाला मात्र माझ्या पोटात गोळा आला. तीन दिवसांच्या बर्फवृष्टीनंतर आकाश लख्ख निळं होतं आणि आमच्या ग्रुपमधला पुण्याचा आयटीवाला मित्र जाहीर करून मोकळा झाला होता, ‘‘आज पॅट्रोलच्या हद्दीबाहेर उतरायचं. असली पावडर सोडायची म्हणजे पाप!’’

औलीत दोन कोर्स केलेला गडी, त्यामुळे कॉन्फिडन्स सॉलिड. मलाही जायचं होतंच, खोटं कशाला बोलू?

गोंडोलाचा दुसरा टप्पा २००५ साली सुरू झाला. तो अफरवटवर जवळपास ३९५० मीटरपर्यंत नेऊन सोडतो. ना दमछाक, ना चढण. वरच्या मधल्या भागावर स्की पॅट्रोलची नजर असते. त्यापलीकडचं तुमचं तुम्ही बघायचं. फेब्रुवारी २०२३ मध्ये याच अफरवटवर दोन पोलिश स्कीअर गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये एक रशियन. त्याआधी २०१० मध्ये जवळच्याच खिलनमर्गला लष्कराचे १७ जवान हिमस्खलनात गेले होते. म्हणजे अनुभवी माणसंही सुटत नाहीत.

आमच्या काश्मिरी गाईडने वाद घातला नाही. एका छोट्या, सुरक्षित उतारावर त्याने फावड्याने खड्डा खणला. भिंत बघितली तर चक्क लेयर केक! वर ताजा, वाऱ्याने घट्ट दाबलेला थर आणि तळाशी मोकळे, टोकदार दाणे. मुठीत घेतले तर बोटांतून सांडले. मोसमाच्या सुरुवातीला बर्फ पातळ असतो, जमीन त्यामानाने उबदार, रात्री कडाक्याच्या. मग खालून वर वाफ सरकते आणि कण एकमेकांना चिकटायचंच विसरतात. त्यावर नवा जड थर बसला, की झाली तयारी. तीस ते पंचेचाळीस अंशांचा उतार असेल तर एका माणसाचं वजनही पुरतं. म्हणूनच बहुतेक बळी स्वतः किंवा आपल्याच ग्रुपने सुटवलेल्या बर्फाखाली सापडतात.

मग त्याने बर्फाचा एक खांब कापला, वर फावडं ठेवलं आणि टपल्या मारायला लागला. दहा मनगटातून, मग दहा कोपरातून, मग दहा खांद्यातून, असा हिशेब असतो. कोपराच्या दुसऱ्याच टपलीला वरचा ठोकळा सर्रकन पुढे घसरला.

‘‘मॅडम, नीचे चीनी है. आज नहीं.’’

बीकन, प्रोब, फावडं सगळं आमच्याकडे होतं. भाड्याचं, पण होतं. मित्राचा मुद्दा तोच होता. पण गाडलेल्या माणसाला दहाएक मिनिटांत बाहेर काढलं तरच बहुतेकदा जमतं, अर्ध्या तासानंतर वाचणारे फार थोडे. आणि बीकनची प्रॅक्टिस आमच्यापैकी कुणीच केली नव्हती!

आम्ही पॅट्रोलच्या हद्दीतच उतरलो. संध्याकाळी कहवा पिताना तो उतार समोर दिसत होता, जसाच्या तसा, एक रेघही नाही.

‘‘बघ, काही झालं नाही,’’ मित्र फुरंगटून म्हणाला.

मी दुसरा कहवा मागवला.