तुणतुण्याला कोणती तार?

२ जानेवारी ही तारीख कर्जत-मुरबाडच्या पट्ट्यात विसरली जात नाही. १९४३ साली याच दिवशी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील सिद्धगडावर हुतात्मा झाले. त्या सुमारास आमच्या बाजूच्या गावांत कुठे ना कुठे पोवाडा होतो. काही वर्षांपूर्वी असाच एक कार्यक्रम ऐकत बसलो होतो. डफ चढला होता, झीलकऱ्यांनी सूर उचलला होता, आणि ऐन रंगात आलेल्या चौकात तुणतुण्याची तार तुटली. शाहीर थांबले नाहीत. पण पुढच्या दोन चौकांत त्यांची पट्टी हळूहळू कशी घसरत गेली, ते समोर बसलेल्या प्रत्येकाला कळले. तुणतुणे वाजत असते तेव्हा त्याच्याकडे कुणाचे लक्ष नसते. ते थांबले की गाणे कशावर उभे होते, ते दिसते.

तुणतुणे धरणारे तात्या सत्तरी ओलांडलेले. त्यांच्या नातवाने पुढच्या खेपेला स्वतःहून उपाय केला. मुंबईतला त्याचा एक मित्र रेझोनेटर गिटार वाजवतो. पोटात धातूचा द्रोण असलेली, मांडीवर आडवी ठेवून लोखंडी कांडीने वाजवायची ती गिटार. "तिच्याही पोटात डबाच आहे, आजोबा. ही तार जाड आहे, तुटायची नाही," असे म्हणून त्याने त्या गिटारची पहिली तार तुणतुण्याला चढवली. तार खरोखरच तुटली नाही. तिसऱ्या दिवशी चामडे फाटले.

बारीक तार तुटते आणि जाड तार चामडे फाडते, तर मग लावायची कोणती? हा प्रश्न घेऊन मी जो शोध घेतला, त्याचा हा वृत्तांत.

जाडीचा गैरसमज

तारेचा स्वर तीन गोष्टींवर ठरतो: लांबी, ताण आणि वजन. हा हिशेब मारें मेर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने १६३६ साली ग्रंथात मांडला. लांबी निम्मी केली की स्वर दुप्पट, म्हणजे एक सप्तक वर जातो. तोच स्वर नुसत्या ताणाने दुप्पट करायचा तर ताण चौपट करावा लागतो. तार जड असेल तर त्याच स्वराला जास्त ताण लागतो.

यातून निघणारी एक गोष्ट मात्र सहसा ध्यानात येत नाही. तार जाड घेतली की तिची ताकद वाढते हे खरे. पण तिचे वजनही नेमके त्याच प्रमाणात वाढते, आणि त्याच स्वरापर्यंत नेण्यासाठी तिला तेवढाच जास्त ताणावे लागते. म्हणजे दर चौरस मिलिमीटरवर येणारा भार बारीक तारेत आणि जाड तारेत अगदी सारखा राहतो. तार कोणत्या स्वराला तुटणार, हे तिच्या जाडीवर ठरत नाही. ते ठरते धातूवर आणि लांबीवर.

तात्यांच्या तुणतुण्याची वाजती लांबी ६० सेंटिमीटर, म्हणजे साधारण दोन फूट. शाहिरांची पट्टी काळी एक. तुणतुण्याच्या सप्तकात तो स्वर सेकंदाला सुमारे २७७ कंपनांचा. एवढ्या लांबीच्या पोलादी तारेवर या स्वराला दर चौरस मिलिमीटरला सुमारे ८८ किलोचा भार येतो. वाद्यांच्या तारेचे चांगले पोलाद २०० किलोच्या पुढेही टिकते, त्यामुळे तिथे भरपूर सोय आहे. पितळ पोलादापेक्षा थोडे जड. त्याच स्वराला त्याच्यावर सुमारे ९६ किलोचा भार येतो, आणि ओढून कडक केलेली पितळी तार ६० ते ९० किलोंच्या दरम्यान हात टेकते. पितळ मी लावून पाहिले. स्वर जुळण्याआधीच तार तुटून हातावर आली. ती जाड घेतली असती तरी तिथेच तुटली असती.

मग तात्यांची पोलादी तार का तुटली? तुटका तुकडा खोपोलीतल्या लेथवाल्या मित्राकडे नेऊन मायक्रोमीटरखाली धरला. तार तुटली होती ती खुंटीजवळ, जिथे तिला पूर्वी एकदा पीळ पडून सरळ केले होते, आणि तिथेच गंजाचे बारीक खड्डे होते. पीळ आणि गंज यांनी तारेचे मूळचे बळ त्या एका ठिकाणी खाऊन टाकले होते. बाकीची तार शाबूत होती. आमच्याकडच्या पावसाळ्यात चार महिने माळ्यावर पडलेल्या पोलादी तारेचे यापेक्षा वेगळे काय होणार?

चामड्यावर येणारे ओझे

तुटण्याशी जाडीचा संबंध नसेल, तर जाडी निवडायची कशासाठी? ओझ्यासाठी. तारांच्या जाडीचे नंबर आपल्याकडे जुन्या ब्रिटिश गेजप्रमाणे चालतात, आणि त्यात नंबर वाढला की तार बारीक होते. २८ नंबरची तार ०.३७६ मिलिमीटर, ३० नंबरची ०.३१५, ३२ नंबरची ०.२७४. ६० सेंटिमीटर लांबीला काळी एकचा स्वर आणायचा तर ३२ नंबरला ५.२ किलोचा ताण लागतो, ३० नंबरला ६.९ आणि २८ नंबरला ९.८. नंबरात चारचा फरक, ओझ्यात जवळजवळ दुपटीचा.

हा हिशेब खरा आहे का, ते घरीही पाहता येते. मी ३० नंबरची तार आढ्याला बांधून खाली पाण्याची बादली टांगली. बादलीसकट वजन सात किलोच्या जवळ नेले, मधली ६० सेंटिमीटर तार दोन लाकडी पाचरींमध्ये धरली आणि छेडली. शेजारच्या पेटीवर काळी एक दाबली तेव्हा दोन्ही सूर एकमेकांत मिसळले.

गिटारच्या तारांचे नंबर उलट चालतात. तिथे नंबर म्हणजे इंचाचा हजारावा भाग. नंबर वाढला की तार जाड. रेझोनेटर गिटारची पहिली तार पुष्कळदा १६ नंबरची असते, म्हणजे ०.४०६ मिलिमीटर. आपल्या २८ नंबरहूनही जाड. ती तुणतुण्यावर काळी एकला आणली की ओढते साडेअकरा किलो. नातवाने अजाणता चामड्यावरचे ओझे ३२ नंबरच्या मानाने दुपटीहून जास्त केले होते.

मग तीच तार त्या गिटारला कशी मानवते? तिच्या मूळ वाद्यावर तर ती १४ किलोंच्या आसपास ताणलेली असते! उत्तर वाद्याच्या रचनेत आहे. ध्वनिवर्धक विजेवर चालू लागण्याआधी गिटारचा आवाज वाढवण्यासाठी जॉन डोपेरा या कारागिराने ॲल्युमिनियमचा पातळ द्रोण बसवलेली गिटार घडवली. १९२७ पासून ती अमेरिकेत बाजारात आली. त्या गिटारीत तारा घोडीवरून जाऊन पलीकडे शेपटाच्या पट्टीला अडकतात. ताणाचा मोठा भाग ती पट्टी आणि मान सोसतात. घोडीखालच्या द्रोणावर फक्त खालच्या दिशेचा दाब येतो. तार घोडीवर दहा अंशांनी वळत असेल तर हा दाब ताणाच्या सहाव्या हिश्श्याच्या आसपास, म्हणजे १४ किलोंपैकी अडीच किलोंच्या घरात. शिवाय कांडी दाबली तरी तार पडद्यांना टेकू नये म्हणून त्या वाद्याला घट्ट, जाड तारच हवी.

तुणतुण्याला घोडीही नाही आणि पट्टीही नाही. लाकडी नळकांड्याच्या तळाला चामडे, चामड्याच्या मध्यातून आत शिरलेली तार, बाजूला ठोकलेला बांबू आणि त्याच्या टोकाला खुंटी. तारेचा सगळा ताण चामड्याच्या एका बिंदूवर. दोन्ही वाद्यांच्या पोटात डबा आहे हे नातवाचे म्हणणे खरे. पण एकात डबा दाब सोसतो, दुसऱ्यात तो पुरता ओढला जातो.

या ओढीतूनच तुणतुण्याचा स्वभाव घडतो. तार एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे झोकली की तिचे एक कंपन पुरे होते. पण दोन्ही झोक्यांत ती थोडी जास्त ताणली जाते, म्हणजे एका कंपनात चामडे दोनदा ओढले जाते. म्हणून तुणतुण्याच्या आवाजात वरच्या सप्तकाचा अंश ठळक असतो आणि डफ-संबळाच्या गलक्यातूनही तो कानापर्यंत पोचतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९०९ साली, वयाच्या विशी-एकविशीत, एकतारीवर स्वतंत्र टिपण लिहिले होते. पुढे १९२१ मध्ये त्यांनी तंबोरा आणि वीणेच्या जवारीचाही अभ्यास केला. आपण ज्याला भिक्षेकऱ्याचे वाद्य म्हणून बाजूला सारतो, त्यात त्यांना शास्त्र दिसले होते.

वीणेचा दाखला

पितळ तुणतुण्यावर टिकत नाही म्हणून ते वाईट, असे कुणी समजू नये. त्यासाठी खालापूरच्या बाजूला, पाताळगंगेच्या काठी एका सप्ताहात जाऊन बसलो. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवायची नसते. पहाऱ्यापहाऱ्याने ती एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. तिथे तार तुटणे म्हणजे नुसती गैरसोय नसते.

तिथल्या वीणेची वाजती लांबी ९० सेंटिमीटर होती. खर्जाचा स्वर ६९ कंपनांचा धरला, तर ३० नंबरच्या पोलादी तारेला तिथे एक किलोचाही ताण मिळत नाही. ती सैल राहून नुसती फडफडते. त्या जागी २४ नंबरची, म्हणजे ०.५५९ मिलिमीटरची पितळी तार लावली की ताण ३.३ किलोंवर येतो. शेजारच्या जोडाच्या पोलादी तारांचा ताण ३.९ किलो. बोटाला सगळ्या तारा सारख्या लागतात, आणि तबलीवर ओझे सारखे वाटले जाते. खर्जाच्या स्वराला पितळेवरचा भार दर चौरस मिलिमीटरला जेमतेम १३ किलो. तुटण्याचा प्रश्नच येत नाही.

तेवढ्याच जाडीचे पोलाद का नको? कारण पोलाद पितळेच्या सुमारे दुप्पट ताठ असते. जाड आणि ताठ तारेचे वरचे स्वरांश नेमक्या पटीत राहत नाहीत, थोडे चढे होतात, आणि जवारी खुलायची तर ते पटीतच हवेत. मिरजेच्या कारागिरांनी तंबोऱ्याच्या खर्जाला पितळ आणि जोडाला पोलाद हा मेळ पिढ्यान्‌पिढ्या कानाने जपला आहे. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तुणतुण्याला असे गाव नाही. ते ज्याच्या त्याच्या घरी बनते, म्हणून त्याच्या तारेचा हिशेब कुठेच लिहिलेला नाही.

निवड

या सगळ्यातून काढलेला क्रम असा. आधी गाणाऱ्याची पट्टी पाहायची, मग तुणतुण्याची लांबी मोजायची, आणि त्यानंतर चामडे किती ओझे पेलेल हे पाहून नंबर ठरवायचा. आपण नेमके उलटे करतो. दुकानात मिळेल ती तार आणतो, आणि मग चामड्याला आणि गळ्याला तिच्याशी जुळवून घ्यायला लावतो.

तात्यांचे शाहीर तरुणपणी काळी दोनला गात. त्या पट्टीला ३० नंबरची तार ८.७ किलो ओढायची आणि नवे जाड चामडे ती पेलायचे. आता पट्टी काळी एकवर आली आहे आणि चामडे पातळ आहे. आम्ही ३२ नंबर लावला. त्याहून बारीक जाऊन चालत नाही. त्याच जोराने छेडली तर बारीक तार जास्त डोलते, छेडल्या क्षणी स्वर चढतो आणि मग खाली घसरतो. तो ‘ट्यांव’ ऐकायला मजेशीर, पण त्यावर गळा टेकवता येत नाही. चामड्याला ओढणारे बळही कमी पडते, आवाज खुजा होतो. तार चामड्याच्या भोकातून थेट ओढू न देता मागे एक रुंद चकती घातली, म्हणजे ओझे पसरते.

दुसरी गोष्ट हवेची. दमट हवेत चामडे सैल पडते, स्वर उतरतो, आणि आपण खुंटी पिळतो. मग कार्यक्रमाच्या दिव्यांजवळ चामडे सुकून आकसते आणि पिळलेली तार आणखी ताणली जाते. त्या जानेवारीच्या रात्री बहुधा हेच झाले होते: दव पडल्यावर पिळलेली खुंटी, समोर हॅलोजन आणि तारेत जुना पीळ. म्हणून तुणतुणे अर्धा तास आधी त्याच जागी नेऊन ठेवावे आणि मगच लावावे. वाजवून झाल्यावर खुंटी दोन वळसे सैल करावी, तार कोरड्या फडक्याने पुसावी. पीळ पडलेली तार सरळ करून वापरू नये, ती फेकावी. पोलादी तारेचा तुकडा स्वस्त असतो, चामडे मढवणारा माणूस आता शोधावा लागतो.

बॅटरीवरची सुरपेटी घ्या, हा सल्ला तात्यांना पुष्कळांनी दिला. सुरपेटी सूर देते. ठेका देत नाही. तुणतुण्याचा सूर हाच त्याचा ठेका असतो. शाहीर श्वास घ्यायला थांबला की तुणतुणेकरी किंचित जोर लावतो, हे यंत्राला कोण सांगणार?

नव्या चामड्याच्या नळकांड्याला आतून मी एक चिठ्ठी डकवली आहे: लांबी ६० सेंटिमीटर, पट्टी काळी एक, तार पोलादी ३२ नंबर, ताण ५.२ किलो. तात्यांनी ती वाचून घेतली आणि नातवाला म्हणाले, "माझी पट्टी उतरली तर तार बदल. चिठ्ठी खोडून नवी लिही." नातू आता झील धरतो. त्याची पट्टी काळी दोन आहे. चिठ्ठीवर दुसरी ओळ लवकरच लिहावी लागणार.