सुई हातात घेण्याआधी : ॲक्युपंक्चरचे शिक्षण आणि नोंदणी

मागच्या महिन्यात विहारातली वंदना आटोपल्यावर एका ताईंनी आपल्या मुलीचे प्रमाणपत्र माझ्यापुढे धरले. सहा रविवारचा ॲक्युपंक्चरचा वर्ग, 40,000 रुपये फी, कागदावर सोनेरी शिक्का आणि मुलीच्या नावाआधी छापलेले 'डॉ.'. "आता वस्तीत दवाखाना काढायला हरकत नाही ना?" त्यांनी विचारले. हरकत आहे, असे मला सांगावे लागले. फीचे पैसे त्यांनी बचत गटातून कर्जाऊ घेतले होते. दुसऱ्या कुठल्या घरावर ही वेळ येऊ नये, म्हणून आजचे हे पान.

ॲक्युपंक्चर म्हणजे शरीरावरच्या ठरावीक बिंदूंवर बारीक सुया टोचून करायचा उपचार. ही पद्धत मूळची चीनची. 1938 मध्ये भारतातून चीनला जे वैद्यकीय पथक गेले, त्यात आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. त्याच पथकातले डॉ. बिजयकुमार बसू पुढे ही विद्या शिकून आले आणि त्यांनी ती कोलकात्यात रुजवली. आज आपल्याकडे अनेक जण जुनाट दुखण्यासाठी हा उपचार घेतात.

मग तो करायचा अधिकार कोणाला? केंद्र सरकारने नोव्हेंबर 2003 च्या आदेशात ॲक्युपंक्चरला उपचाराचा एक प्रकार म्हणून मुभा दिली. पण तो नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकांनी किंवा योग्य प्रशिक्षण घेतलेल्यांनी करावा, असे म्हटले. 2019 मध्ये केंद्राने त्याला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्राने त्याआधीच, 2015 चा म्हणून ओळखला जाणारा, या पद्धतीसाठीचा वेगळा कायदा केला. त्यानुसार राज्यात ॲक्युपंक्चर परिषद आहे. व्यावसायिकांची नोंदणी आणि शिक्षणसंस्थांची मान्यता हे तिचे काम. डॉक्टरला मेडिकल कौन्सिल, आम्हा परिचारिकांना नर्सिंग कौन्सिल, तशीच ही परिषद.

म्हणजे गोष्टी तीन आहेत आणि त्या वेगवेगळ्या आहेत. संस्थेला मान्यता, विद्यार्थ्याला परीक्षा पास झाल्याचा कागद आणि शेवटी परिषदेकडे नोंदणी. पहिली नसेल तर दुसऱ्याला किंमत नाही आणि तिसरी मिळत नाही. अमेरिकेतही हीच साखळी आहे. तिथे बहुतेक राज्यांत परवाना लागतो. त्यासाठी आधी मान्यताप्राप्त संस्थेतून साधारण तीन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण आणि मग परीक्षा. कॅलिफोर्निया राज्य तर स्वतःची वेगळी परीक्षा घेते.

शिक्षण किती असावे? जागतिक आरोग्य संघटनेने 1999 मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या. जो मुळात डॉक्टर नाही, त्याच्यासाठी किमान 2500 तासांचे शिक्षण आणि त्यातले किमान 1000 तास प्रत्यक्ष सराव, असे त्यात म्हटले आहे. आता सहा रविवारचे तास मोजा. दिवसाला आठ धरले तरी 48 होतात.

एवढे तास कशाला, असे कोणी विचारील. मी वॉर्डात सुया हाताळल्या आहेत म्हणून सांगते. छातीवर किंवा खांद्याजवळ सुई खोल गेली तर फुप्फुसाला छिद्र पडू शकते. एकाची सुई दुसऱ्याला वापरली तर कावीळ 'ब', कावीळ 'क' किंवा एचआयव्हीचा संसर्ग होऊ शकतो. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर ते आधी विचारावे लागते. सुई एकदाच वापरायची, नंतर न फुटणाऱ्या पांढऱ्या डब्यात टाकायची, कचऱ्याच्या पिशवीत नाही. हे हाताला वळण लागल्याशिवाय येत नाही. आणि चूक झाली तर भोगते ती आपल्याच वस्तीतली आजी.

प्रवेश घेण्याआधी एवढे तपासा :

1. संस्थेकडून परिषदेच्या मान्यतापत्राची प्रत मागा आणि परिषदेकडे स्वतः खात्री करा. संस्थेच्या माणसाच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

2. "शासनमान्य" म्हणजे कोणाची मान्यता, ते विचारा. सोसायटी म्हणून नोंदणी, आयएसओ प्रमाणपत्र, उद्यम नोंदणी किंवा नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचे नाव, यांतले काहीही अभ्यासक्रमाची मान्यता नव्हे.

3. संस्था 'पदवी' देते म्हणत असेल तर विद्यापीठ कोणते, ते पाहा. 1956 च्या यूजीसी कायद्याप्रमाणे पदवी देण्याचा अधिकार कायद्याने मान्य विद्यापीठांनाच आहे. बनावट विद्यापीठांची यादी यूजीसी जाहीर करते.

4. या अभ्यासक्रमाला महाडीबीटीवरून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते का, ते विचारा. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना ती मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांनाच मिळते. उत्तर टाळले तर सावध व्हा.

5. सराव कोणत्या दवाखान्यात, किती तास आणि कोणाच्या देखरेखीखाली, ते लेखी घ्या. प्रत्येक हप्त्याची पावती घ्या.

रुग्ण म्हणून जाताना नोंदणी क्रमांक विचारा आणि सुईचे पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगा. टीबीच्या किंवा शुगरच्या गोळ्या बंद करा, असे सांगणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका.

त्या ताईंना मी वर्गाची जाहिरात, पावत्या आणि प्रमाणपत्र एकत्र ठेवायला सांगितले. फी परत मागणारा लेखी अर्ज आम्ही दोघींनी बसून लिहिला. तो ऐकला नाही तर ग्राहक आयोगाकडे जायचे ठरले आहे. मुलीला ही विद्या अजूनही शिकायची आहे आणि तिने जरूर शिकावी, पण नोंदणी देणारी. बुद्धांनी कालामांना सांगितले होते की ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नका, स्वतः पारखून घ्या. बाबासाहेबांनी आपल्याला शिक्षणाची वाट दाखवली. त्या वाटेवर कोणी खोटा कागद विकायला बसला असेल, तर तो ओळखणे हेही शिक्षणच आहे.

नमो बुद्धाय, जय भीम!