दाढीच्या वाटीतला पातळ साबण

पेढीवर बसणाऱ्या जुन्या पिढीची सकाळ वाटीत ब्रश फिरण्याच्या आवाजाने सुरू होत असे. वाटीच्या तळाशी साबणाची गोल वडी, शेजारी तुरटीचा खडा, खिडकीच्या गजाला टांगलेला आरसा आणि दोनधारी पात्याचे यंत्र, एवढाच तो सरंजाम. पुढे वडीची जागा मलईच्या ट्यूबने घेतली आणि ट्यूबची फवाऱ्याच्या डब्याने. आता बऱ्याच घरांत बेसिनवर पातळ साबणाची बाटली कायमचीच असते. ब्रश आणि यंत्र न सोडता याच साबणाने दाढी साधेल काय, असा प्रश्न त्यामुळे साहजिकच पुढे येतो. साधते, पण प्रत्येक बाटलीने नव्हे.

जैन घरांत हा प्रश्न सोयीपुरता राहत नाही. दाढीच्या साबणाचा फेस घट्ट आणि टिकाऊ व्हावा म्हणून त्यात स्टिअरिक आम्लाचे प्रमाण अधिक ठेवतात, आणि हे आम्ल परंपरेने जनावरांच्या चरबीतून मिळवले जात असे. आज ते पामतेलापासूनही मोठ्या प्रमाणावर तयार होते. अडचण अशी की, वेष्टनावर केवळ ‘स्टिअरिक अ‍ॅसिड’ असे छापलेले असल्यास त्याचे मूळ कळत नाही. ‘सोडियम टॅलोएट’ हे नाव मात्र संशयाला जागा ठेवत नाही. टॅलो म्हणजे चरबीच. ग्लिसरिनही दोन्ही मुळांचे असू शकते. २०१४ मध्ये आवेष्टित वस्तूंच्या नियमांत साबण, शाम्पू व प्रसाधनांवर हिरवा अथवा तपकिरी ठिपका छापण्याची तरतूद आली, तरी प्रत्येक वेष्टनावर तो आढळतोच असे नाही. विशेषतः परदेशाहून भेट आलेल्या सुबक डब्यातील वडी वापरण्यापूर्वी बारीक अक्षरे वाचलेली बरी.

पातळ साबणाचे पारडे जड होते ते येथेच. वडीचा साबण कॉस्टिक सोड्याने घडतो, तर पातळ साबण कॉस्टिक पोटॅशने. पोटॅशचा साबण पाण्यात सहज विरघळतो आणि तो बहुधा खोबरेल, ऑलिव्ह, सूर्यफूल अशा तेलांचाच करतात. बाटलीवर ‘पोटॅशियम कोकोएट’ असे लिहिलेले असल्यास तो खरा साबण, आणि त्याचे तेल नावातच सांगितलेले आहे. उलट, ‘सोडियम लॉरेथ सल्फेट’ हे नाव यादीत अग्रभागी असेल तर तो साबण नव्हेच. ते धुण्याचे कृत्रिम द्रव्य होय. हात धुण्याच्या कित्येक बाटल्या याच जातीच्या असतात. त्यांचा फेस डोळ्यांत भरतो, परंतु पात्याखाली तो विरून जातो आणि त्वचा कोरडी पडते. पहिल्या प्रयोगातच निराश होऊन बाटली बाजूला ठेवणाऱ्यांपैकी अनेकांनी हीच बाटली उचललेली असते.

खऱ्या पातळ साबणातही एक उणीव आहेच. खोबरेलाचा फेस झटकन येतो, मोठ्या बुडबुड्यांचा येतो आणि तितक्याच झटकन बसतो. दाढीला हवा असतो तो सायीसारखा, बारीक व दाट फेस. केस मऊ होतात ते मुख्यतः पाण्याने. फेसाचे काम ते पाणी केसांपाशी धरून ठेवण्याचे आणि पात्याला घसरण देण्याचे. म्हणून ज्याच्यात खोबरेलाच्या जोडीला ऑलिव्हचा अंश चांगला आहे असा साबण निवडावा. वाटीत वनस्पतिजन्य ग्लिसरिनचे दोन थेंब टाकल्यास घसरण वाढते. चार टाकल्यास फेसच मरतो.

ब्रशचा विचार तर साबणाच्याही आधी व्हायला हवा. स्वस्त ब्रश पुष्कळदा डुकराच्या राठ केसांचे असतात आणि महागडे बॅजर या प्राण्याच्या केसांचे. घरात अनेक वर्षे वापरात असलेला ब्रश कशाचा आहे, हे तपासण्याचे कित्येकांच्या मनातही आलेले नसते. सुदैवाने कृत्रिम तंतूंचे ब्रश आता उत्तम मिळतात आणि पातळ साबणाला तेच अधिक मानवतात. ते पाणी कमी शोषतात, लवकर वाळतात आणि थोड्या साबणात फेस उभा करतात.

कृती साधी आहे, पण वडीच्या सवयीने केल्यास फसते. वडीसाठी ब्रश ओला ठेवावा लागतो; पातळ साबणात पाणी आधीच असल्यामुळे ब्रश भिजवून पुरता पिळून घ्यावा. चेहरा कोमट पाण्याने धुऊन दोन-तीन मिनिटे ओला राहू द्यावा. पाव चमचा साबण ब्रशच्या मध्यावर घेऊन कोरड्या वाटीत अर्धा मिनिट फिरवावा, आणि पाणी नंतर थेंबाथेंबाने घालावे. घाई झाली की फेस पाण्यासारखा पातळ होतो, मग तो सावरत नाही. पहिला हात केसांच्या कलाने, दुसरा आडवा. उलटा हात रोज मारू नये. यंत्र वाहत्या नळाखाली न धरता तांब्याभर पाण्यात बुडवून धुतल्यास पाण्याचाही संयम साधतो.

एवढे करूनही फेस येत नसेल तर दोष पाण्याचा समजावा. बोअरचे पाणी बहुधा जड असते. त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून चिकट साका तयार करतात, आणि अर्धा साबण त्यातच खर्ची पडतो. पाणी उकळून निवविल्यास जडपणा काही अंशी उतरतो. शुद्धीकरण यंत्राचे पिण्याचे वाटीभर पाणी घेतल्यास काम अधिक सोपे. याच यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी काटकसरीने साठवून दाढीसाठी वापरू नये. सारा क्षार त्यातच एकवटलेला असतो.

आता हिशेब. समजा, दोनशे मिलिलिटरची वनस्पती तेलाची बाटली ३०० रुपयांना मिळाली आणि एका दाढीला दीड मिलिलिटर साबण लागला, तर सुमारे १३३ दाढ्या होतील. म्हणजे दाढीमागे सव्वादोन रुपये. सत्तर ग्रॅमची मलईची ट्यूब ८४ रुपयांची धरली आणि एका वेळी एक ग्रॅम लागली, तर खर्च एक रुपया वीस पैसे. पातळ साबण स्वस्त पडतो हा समज त्यामुळे टिकत नाही. पंप पूर्ण दाबण्याची सवय असेल तर फरक आणखी वाढेल. त्यासाठी पैसे मोजायचे ते मूळ स्पष्ट असण्याचे, स्वस्ताईचे नव्हे.

मात्र एका ठिकाणी हा साबण खरोखर उपयोगी पडतो. घरातील वृद्ध वडिलांचे हात थरथरतात, त्यातून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतात. लहानशी चीरही लवकर थांबत नाही. अशा वेळी मुलगा किंवा नातू त्यांची दाढी करतो. वडीवर ब्रश घासत बसण्यापेक्षा वाटीत आधीच फेस तयार करून आणणे सोयीचे पडते, वडिलांनाही ताटकळावे लागत नाही. त्यांना खुर्चीत उजेडाकडे तोंड करून बसवावे, गळ्यावरची सैल कातडी बोटांनी हलकेच ताणून धरावी आणि यंत्र न दाबता त्याच्या वजनानेच चालू द्यावे. हनुवटीखाली दुसरा हात द्यायचा झाल्यास साबण नव्याने घ्यावा लागत नाही. ब्रशमध्ये उरलेला फेस तेवढ्याला पुरतो.