बटणाचा अर्थ कोण ठरवतो?

घरात टीव्हीजवळ आत्ता किती रिमोट पडलेत, जरा मोजा. एक टीव्हीचा, एक सेट-टॉप बॉक्सचा आणि किमान एक अशा बॉक्सचा, जो केव्हाच भंगारात गेलाय. भातसानगरची धरण वसाहत असो की मुरबाडकडचा एखादा पाडा, फारसा फरक नाही. दूरदर्शनची फुकट डिश २००४ मध्ये सुरू झाली. तिचे बॉक्स अनेक कंपन्यांनी काढले आणि प्रत्येकाचा रिमोट वेगळा. बॉक्स जातो, रिमोट मात्र उरतो.

आता समजा, कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी घेतलेला रास्पबेरी पाय तुम्ही टीव्हीला जोडलाय. त्यावर लिनक्स आहे, सिनेमे आहेत. पण आजीला सिनेमा थांबवायचा असेल तर दरवेळी तुम्हालाच उठून माउस हलवावा लागतो. तो पडून असलेला रिमोट हे काम करू शकतो. फक्त त्याची भाषा लिनक्सला शिकवावी लागते.

डबल बेलची गोष्ट

शहापूरहून सुटणारी एसटी आठवा. कंडक्टरने एकदा घंटी वाजवली की थांबा, दोनदा वाजवली की चला. घंटीच्या आवाजात 'चला' हा शब्द कुठेच नसतो. अर्थ असतो तो कंडक्टर आणि ड्रायव्हरने आधीच मान्य केलेल्या संकेतात.

रिमोटचंही तेच. त्याच्या पुढचा छोटा दिवा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश सेकंदाला सुमारे ३८ हजार वेळा लुकलुकवतो. त्याचे तुकडे आणि मधल्या विश्रांती यांतून आकडे तयार होतात. 'एनईसी' नावाच्या सर्रास वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत छोटी विश्रांती म्हणजे ०, मोठी म्हणजे १. एका दाबात असे ३२ अंक जातात. त्यात उपकरणाचा पत्ता असतो, बटणाचा क्रमांक असतो आणि गडबड ओळखता यावी म्हणून दोघांची उलटी प्रतही असते.

म्हणजे बटणावर 'व्हॉल्यूम' छापलेलं असलं, तरी हवेतून जातो तो निव्वळ एक आकडा. त्याचा अर्थ लावतो पलीकडचा तक्ता. लिनक्सच्या कर्नलमध्ये असे शंभराहून जास्त तक्ते आधीच आहेत. तुमचा रिमोट त्यात नसेल, तर तक्ता तुम्ही लिहायचा.

करून बघा

आधी मोबाइलचा सेल्फी कॅमेरा रिमोटसमोर धरून बटण दाबा. बऱ्याच फोनवर जांभळट ठिपका चमकतो. चमकला, म्हणजे रिमोट जिवंत आहे.

मग तीन पायांचा आयआर रिसीव्हर आणा. घेताना तो ३.३ व्होल्टवर चालतो ना, हे विचारा. दुकानात सहज मिळणारा टीएसओपी १७३८ पाच व्होल्टचा असतो आणि पायच्या पिना तेवढा दाब सोसत नाहीत. टीएसओपी ३८२३८ चालेल.

पायच्या कॉन्फिग फाईलमध्ये 'जीपीआयओ-आयआर' सुरू करा. 'आयआर-कीटेबल' हे मोफत साधन टाकून ते टेस्ट मोडमध्ये चालवा. एकेक बटण दाबा, दिसेल तो आकडा वहीत लिहा. नंतर साध्या टेक्स्ट फाईलमध्ये एका ओळीत एक बटण मांडा: डावीकडे आकडा, उजवीकडे लिनक्समधलं कळीचं नाव. फाईल लोड केली की झालं. यात प्रोग्रॅमिंग नाही, फक्त चिकाटी लागते.

एक खाच मात्र बऱ्याच जणांना अडवते. 'ओके' बटणाला तक्त्यात 'ओके' हेच नाव दिलं की काही वेळा ते ढिम्म हलत नाही. त्या कळीचा क्रमांक आहे ३५२, आणि जुन्या एक्स-११ या चित्रप्रणालीत २४७ च्या पुढचा क्रमांक ॲपपर्यंत पोहोचतच नाही. तिथे 'एंटर' लिहा. त्याचा क्रमांक २८, तो पोहोचतो.

खरी गंमत पुढे आहे. तक्ता तुमचा, म्हणजे नियमही तुमचे. आजीसाठी फक्त पाच ओळी ठेवा: चालू-थांबा, आवाज वर, आवाज खाली, पुढे, मागे. बाकीची तीस बटणं चुकून दाबली गेली तरी काहीही बिघडणार नाही. 'काहीतरी दाबलं गेलं आणि सगळं गेलं' ही भीती ज्यांना टीव्हीपासून लांब ठेवते, त्यांच्यासाठी हे फार मोठं आहे.

आणि तक्ता नीट चालला, तर तो घरातच ठेवू नका. कर्नलमधले तक्तेही कुणीतरी असेच हातात रिमोट घेऊन, बटण दाबत लिहिलेत. तपासून घेतलेला बदल कर्नल सांभाळणाऱ्यांकडे ईमेलने पाठवता येतो. तो स्वीकारला गेला, तर तुमच्या नावासकट तिथे नोंदला जातो. मोठमोठ्या कंपन्यांत उत्तम प्रोग्रॅमर असतील, पण तुमच्या कपाटातला तो रिमोट त्यांच्या हातात नाही. तो तुमच्याकडे आहे. सेल बदला आणि पहिलं बटण दाबा.